अंतराळातील वसाहत : गिरणगावाच्या आधारे एक पाठ

मनुष्य चंद्रावर किंवा मंगळावर कायमचा राहावयास जाईल काय, हा प्रश्न अलीकडे पाचवी-सहावीतील मुलेही शिक्षकांस विचारू लागली आहेत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ मधील 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरला. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ल यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अठरा दिवस वास्तव्य केले. २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे व २०४० पर्यंत भारतीय मनुष्य चंद्रावर उतरविण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने जाहीर केले आहे. अशा वेळी मुलाच्या प्रश्नास 'होय, लवकरच' असे उत्साहाने सांगणे, किंवा 'ते शास्त्रज्ञ पाहतील' असे म्हणून पुढील धड्याकडे वळणे, ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत. आणि दोहोंनीही मुलाचा विचार तेथल्या तेथे थांबतो.

वस्तुतः या विषयाचे एक उत्तम साधन खेड्यातील शिक्षकाच्या हाताशी आहे. ते साधन म्हणजे मुंबई, आणि त्यातही गिरगाव, लालबाग, परळ व दादर हा भाग. कोकणात किंवा घाटावर असे खेडे विरळाच, की जेथील कोणी ना कोणी या भागात पोटासाठी गेलेला नाही. माणूस नव्या ठिकाणी जातो तेव्हा बरोबर काय नेतो, तेथे त्याला काय मिळत नाही, मागच्या गावाशी त्याचा संबंध किती काळ राहतो, ही माहिती मुलांच्या आजोबांपाशी आहे. अंतराळातील वसाहतीविषयी जे प्रश्न आज शास्त्रज्ञ विचारीत आहेत, ते बहुतांशी याच जातीचे आहेत. म्हणून अज्ञाताकडे जाताना ज्ञाताचा हात धरावा, ही अध्यापनाची जुनी रीत येथे उत्तम लागू पडते.

अंतराची कल्पना

चंद्र ३ लक्ष ८४ हजार किलोमीटर दूर आहे, असे फळ्यावर लिहिल्याने मुलांच्या मनात काहीच उभे राहत नाही. त्याऐवजी पृथ्वी परळ येथे आहे व चंद्र दादर येथे आहे, असे मानावे. हे अंतर दोन किलोमीटर धरावे. या मापाने अंतराळ स्थानक कोठे येईल, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. ते स्थानक भूपृष्ठापासून सुमारे ४०० किलोमीटर उंच आहे. म्हणजे परळच्या घराच्या उंबरठ्यापासून ते अवघ्या दोन मीटरांवर पडते. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हा सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरांवर असतो. आपल्या मापाने हे अंतर २८५ किलोमीटर भरते, म्हणजे सातारा मागे टाकून कराडच्या वाटेवर. तोच मंगळ सर्वांत दूर जातो तेव्हा ४० कोटी किलोमीटरांवर असतो, आणि मग तो दोन हजार किलोमीटरांपलीकडे, रेल्वेने कोलकाता गाठावे इतका लांब जातो.

आता मनुष्याने काय साधले आहे ते या नकाशावर मांडावे. २ नोव्हेंबर २००० पासून उंबरठ्यापुढच्या त्या दोन मीटरांवर कोणी ना कोणी अखंड राहत आले आहे. दादरला १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे उतरली आणि त्यांतील सर्वांत लांबचा मुक्काम सुमारे तीन दिवसांचा होता. कराडच्या वाटेला अजून कोणी लागलेले नाही. एवढे मांडले, की 'लवकरच' या शब्दाचे वजन मुले आपण होऊन ठरवितात.

पाण्याचा हिशेब

मुंबई ही मुळात सात बेटे होती. १६६८ साली ती वार्षिक दहा पौंड भाड्याने इंग्रजांच्या एका व्यापारी कंपनीच्या हाती गेली. पुढे बेटांमधल्या खाड्या बुजवून, बांध घालून त्यांची एक सलग भूमी करण्यात आली. वस्ती वाढू लागली तरी पाणी मात्र विहिरी व तलावांचेच होते. गिरगावाच्या आसपासची धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही नावे आजही प्रचारात आहेत. तलाव मात्र बुजले. विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले ते १८६० साली. म्हणजे कंपनीच्या ताब्यात आल्यापासून नळाच्या पाण्यापर्यंत जवळजवळ दोनशे वर्षे गेली, आणि तीही भरपूर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी. त्यानंतर तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणा असे करीत करीत आज सात जलाशय या शहरास पाणी पुरवितात. यांतील बरेचसे पाणी ज्या शहापूर तालुक्यातून येते तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर पाठवावा लागतो, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांपासून लपवू नये. वसाहत पाणी कोठून आणते आणि ते कोणाच्या वाट्याचे असते, हा प्रश्न पृथ्वीवरच शिकून घ्यावा लागतो.

अंतराळात नदी नाही, पाऊस नाही. तेथे एका माणसास पिणे, अन्न व स्वच्छता यांसाठी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी धरतात. दहा माणसांस एक वर्षासाठी किती पाणी लागेल, हे गणित मुलांस घालावे. उत्तर १४,६०० लिटर येते. म्हणजे साडेचौदा टनांहून अधिक वजन अग्निबाणाने वर न्यावे लागेल. ते परवडणारे नाही. म्हणून स्थानकात घाम, श्वासातील बाष्प व मूत्र यांचे पाणी पुन्हा शुद्ध करून वापरतात. २०२३ मध्ये हे पुनर्प्राप्तीचे प्रमाण शेकडा ९८ पर्यंत पोहोचले. आता तेच गणित पुन्हा करावे : शेकडा दोन एवढेच पाणी वाया जाते असे धरल्यास वर्षाची तूट २९२ लिटर, म्हणजे घरातील वीस-बावीस हंडे. मूत्राचे पाणी म्हटल्यावर वर्गात हसू फुटेल. ते फुटू द्यावे. मग पावसाचे पाणी तरी कोठकोठून फिरून ढगात गेलेले असते, एवढे विचारावे.

चंद्रावर पाण्याचे अंश आहेत, हे २००८ साली गेलेल्या चंद्रयान-१ वरील उपकरणांच्या नोंदींतून २००९ मध्ये सिद्ध झाले. ध्रुवांजवळील ज्या विवरांत सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत तेथे बर्फ आहे. चंद्रावरील भावी वस्तीच्या योजना ध्रुवाभोवती फिरतात त्या याच कारणाने. गावे नदीकाठी का वसली, हा इतिहासातील धडा येथे सहज जोडता येईल.

हवेविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. मंगळाची हवा अत्यंत विरळ, पृथ्वीच्या हवेच्या शतांशाहूनही कमी दाबाची आहे व तिच्यात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आहे. २०२१ ते २०२३ या काळात मंगळावरील एका यंत्राने त्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू तयार करून दाखविला. माणसास दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो. तेव्हा दोन वर्षांत झालेला हा प्राणवायू एका माणसाच्या साडेतीन तासांच्या श्वासापुरता झाला. यंत्र लहान होते व ते मोजकेच वेळा चालविले होते, हेही मुलांस सांगावे, नाहीतर ती त्याची थट्टा करतील. रीत चालते एवढे त्याने सिद्ध केले.

कुलाब्याची नोंद

आता जो भाग सांगावयाचा, तो पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. पण तो मुंबईचाच आहे आणि अंतराळवस्तीच्या मुळाशी जाणारा आहे. दक्षिण मुंबईच्या टोकास कुलाबा येथे १८२६ साली वेधशाळा स्थापन झाली व १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी होऊ लागली. त्या काळी उपकरणावरील अंक ठराविक वेळी डोळ्यांनी पाहून वहीत उतरवून घ्यावे लागत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिर्विदास सूर्यबिंबावर एक प्रखर चमक दिसली. दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या उपकरणाने एकाएकी खाली धाव घेतली. क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटल्याची नोंद झाली. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. अन्य कित्येक वेधशाळांत उपकरणांची मर्यादाच ओलांडली गेल्याने पूर्ण नोंद मिळाली नाही. कुलाब्याची नोंद मात्र शाबूत राहिली, आणि दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, त्या सौरवादळाचे बळ ठरविताना शास्त्रज्ञांस तीच उपयोगी पडली. वेळच्या वेळी, नीट अक्षरात केलेल्या हजेरीचे मोल यावरून कळावे.

त्या दिवशी मुंबईत कोणास इजा झाली नाही. गिरगावातील माणसे आपल्या कामास गेली आणि परत आली. कारण त्यांच्या माथ्यावर हवेचे दाट आवरण होते व भोवती पृथ्वीच्या चुंबकत्वाचे कुंपण होते. चंद्रास यांपैकी एकही नाही. मंगळास हवा नाममात्र आहे व पृथ्वीसारखे सर्वत्र पसरलेले चुंबकीय कुंपण नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये असेच एक मोठे सौरवादळ झाले. ते अपोलो-१६ आणि अपोलो-१७ या दोन मोहिमांच्या मधल्या काळात आले, म्हणून निभावले. चंद्रावर त्या वेळी माणसे असती तर त्यांच्या प्रकृतीस गंभीर धोका संभवत होता.

यावरून मुलांच्या चित्रांत एक दुरुस्ती करावी लागेल. अंतराळवस्तीचे चित्र काढावयास सांगितले, की मुले काचेचे घुमट काढतात व आतून तारे दाखवितात. प्रत्यक्षात दीर्घकाळ राहावयाचे तर घरावर कित्येक फूट माती लोटावी लागेल, किंवा लाव्हारसाने पूर्वी तयार झालेल्या भुयारांत राहावे लागेल. खिडकी जवळजवळ नाहीच. परळच्या चाळीतील खोली कितीही लहान असली तरी तिला बाहेर सज्जा होता, आणि सज्जावरून शेजाऱ्यास हाक मारता येत होती. भुयारातील मनुष्यास ती सोय मुद्दाम योजून द्यावी लागेल.

कुलाब्याची आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकणे बरे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार व त्यांच्या विद्युत्प्रवाहाने नाजूक मापन बिघडणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागेस नेण्यात आली. वसाहत वाढली, की जी शांतता अभ्यासास हवी असते ती प्रथम जाते. चंद्राची पलीकडची बाजू पृथ्वीवरील रेडिओलहरींपासून आज मुक्त आहे व दूरच्या विश्वाचा मंद ध्वनी ऐकण्यास ज्योतिर्विदांना ती जागा हवी आहे. तेथे खाणी व वस्त्या झाल्या, तर दुसरे अलिबाग जवळपास नाही.

माणसे

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढील पन्नास-साठ वर्षांत परळ-लालबागचे गिरणगाव झाले. आरंभी आले ते बहुतेक पुरुषच. बायका, मुले व म्हातारी माणसे गावी राहिली. दहा-बारा फुटांच्या खोलीत पाळीपाळीने झोपावयाचे. रात्रपाळीचा माणूस परतला, की दिवसपाळीच्या माणसाने सोडलेल्या जागेवर त्याचे अंथरूण पडे. जेवण खानावळीत. त्या खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया नसत्या तर भोंगा वाजूनही गिरणी चालली नसती, असे म्हणण्यास हरकत नाही. अंतराळवस्तीच्या योजना वाचल्या, की यंत्रांची वर्णने पानोपान आढळतात. स्वयंपाक कोण करणार, आजाऱ्यापाशी कोण बसणार, याविषयी दोन ओळीही कित्येकदा नसतात.

वस्तीचे घर केव्हा होते, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे चाळीचाळींतून उत्सव, भजनीमंडळे, व्यायामशाळा निघाल्या. माणसे पैसा मिळविण्यास आली होती. त्यांनी तेथे सण साजरे करावयास प्रारंभ केला तेव्हा ती तेथली झाली. बायका-मुले येऊन राहिली व शाळा निघाल्या, तेव्हा तर निश्चितच. चंद्रावर वा मंगळावर मूल जन्मून वाढेल काय, याचे उत्तर आज कोणापाशी नाही. वजनरहित अवस्थेत भार वाहणाऱ्या हाडांची घनता महिन्यास शेकडा एक ते दीड इतकी घटते, एवढे ठाऊक आहे. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या शेकडा ३८ व चंद्राचे एक षष्ठांश आहे; तेवढे वाढत्या मुलास पुरेल की नाही, हे कळावयाचे आहे. याच अडचणीमुळे जेरार्ड ओनील या अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात ग्रहांवर न उतरता अवकाशातच प्रचंड नळकांडी फिरती ठेवून, त्या फिरण्याने वजन उत्पन्न करून, आत शेते व घरे वसविण्याची कल्पना मांडली. बादलीत पाणी घेऊन ती जोराने गरगरा फिरविली असता पाणी सांडत नाही, हा खेळ मैदानात करून दाखवावा; त्यामागील तत्त्व तेच आहे.

परतीची वाट

गिरणगावाच्या इतिहासातून घेण्यासारखा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा परतीच्या वाटेचा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा काही महिन्यांत शहरातील जवळजवळ निम्मे लोक गावोगाव निघून गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबत गेला, तेव्हा हजारो कामगार गावी परतले व शेतीच्या तुकड्यावर कशीबशी गुजराण करू लागले. अनेकांस काम पुन्हा मिळाले नाही, आणि पुढे गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. खेड्यातील शाळेत अशा घरांतील नातवंडे आजही असतील. हा भाग शिकविताना त्यांच्या मनास लागेल असे बोलू नये.

मुंबईस जाणाऱ्या माणसाच्या पाठीशी गाव होते. गावावरून तांदूळ, कुळीथ, कोकम येई व गावास मनीऑर्डर जाई. मंगळाच्या वसाहतीस पृथ्वी हे गाव राहील. परंतु त्या गावाची गाडी सोयीची अशी सव्वीस महिन्यांनी एकदाच सुटेल आणि प्रवासास सहा ते नऊ महिने लागतील. रोग आला, पीक बुडाले, यंत्र बिघडले, तर तोवर तग धरलाच पाहिजे. म्हणून मंगळावर मनुष्य पोहोचणे व मंगळावर वसाहत होणे, या दोन गोष्टींत पिढ्यांचे अंतर आहे. पहिली गोष्ट या विद्यार्थ्यांच्या हयातीत घडणे शक्य आहे. दुसरी केव्हा घडेल, याचे वर्ष सांगणाऱ्यांपासून सावध असावे.

आणखी एक प्रश्न मोठ्या मुलांपुढे अवश्य ठेवावा. गिरणीत रविवारची सुटी आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांस एकत्र करून मागणी लावून धरली, तेव्हा १८९० साली ती मिळाली. त्या कामगारांस मालकाचे म्हणणे मान्य नसेल तर गिरणीच्या दाराबाहेर उभे राहता येत होते. मंगळाच्या वस्तीत दाराबाहेर श्वास घेता येत नाही. मालक जर एखादी कंपनी असेल, आणि आज मंगळावर शहर वसविण्याची भाषा करणाऱ्यांत खाजगी कंपनीच आघाडीवर आहे, तर पाणी, हवा व परतीचे तिकीट या तिन्ही गोष्टी एकाच हाती राहतील. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये चंद्र व इतर खगोल यांवर कोणत्याही राष्ट्रास मालकी सांगता येत नाही. तेथे काम करणाऱ्याच्या हक्कांविषयी त्या करारात काही नाही. 'मंगळावर संप करता येईल काय?' हा प्रश्न फळ्यावर लिहून शिक्षकांनी स्वस्थ बसावे व मुलांस बोलू द्यावे. उत्तर देण्याची घाई करू नये.

वर्गातील काम

या पाठास चार तासिका पुरतात. पहिल्या दिवशी अंतराचा नकाशा मैदानावर आखावा. त्यास दोरी, काठी व चुनखडी एवढेच साहित्य लागते. मैदान लहान असल्यास दोन किलोमीटरांऐवजी चाळीस पावले धरावीत. मग स्थानक अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर येते व मंगळ गावाच्या शिवेबाहेर जातो. गणिते दुसऱ्या दिवशी घ्यावीत. संदेशास लागणारा वेळही त्यात यावा : प्रकाश सेकंदास तीन लक्ष किलोमीटर जातो, तर मंगळावरून निघालेला शब्द जवळच्या अंतरावरून किती मिनिटांत व दूरच्या अंतरावरून किती मिनिटांत पोहोचेल? उत्तरे सुमारे तीन व बावीस अशी येतात. नंतर दोन मुलांस समोरासमोर बसवून एकाने विचारलेल्या प्रश्नास दुसऱ्याने तीन मिनिटे थांबूनच उत्तर द्यावे असा खेळ घ्यावा. दुसऱ्या प्रश्नापर्यंतच वर्ग कंटाळतो, आणि तेवढ्याने काम भागते.

शुभांशू शुक्ल यांनी स्थानकात मेथी व मूग रुजविण्याचा प्रयोग केला होता. त्याची जोड खेड्यातील शाळेत विनाखर्च देता येते. काचेच्या पेल्यात ओला टीपकागद कडेने बसवून काच व कागद यांच्यामध्ये मेथीचे दाणे ठेवावेत. मुळे बोटाच्या पेराएवढी झाली, की कागद न सांडेल अशा बेताने पेला आडवा करून ठेवावा. एक-दोन दिवसांत मुळे वळून पुन्हा जमिनीकडे जातात. दिशा कोणी सांगितली, असे मुलांस विचारून मग स्थानकात 'खाली' ही दिशाच नसते हे सांगावे. कागद वाळू देऊ नये. सोमवारी सुरू केल्यास शनिवारच्या आत सर्व पाहून होते.

चौथी तासिका घरी केलेल्या कामासाठी राखावी. ज्यांच्या घरी कोणी मुंबईस राहून आलेले आहे त्यांनी त्यांस तीन गोष्टी विचाराव्यात : पहिल्या खेपेस बरोबर काय नेले होते, तेथे कशावाचून सर्वांत जास्त अडले, आणि गावाकडून काय मागविले. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणावीत. भाषा सुधारू नये. ज्या मुलांच्या घरी असे कोणी नसेल त्यांनी शेजारी विचारावे. ऊसतोडीस जाणाऱ्या वा अन्य प्रांतातून आलेल्या कुटुंबांतील मुलांची उत्तरे या कामी विशेष मोलाची ठरतात. सर्व उत्तरे वाचून झाल्यावर फळ्याचे दोन भाग करून एका बाजूस 'मुंबईस' व दुसऱ्या बाजूस 'मंगळावर' असे लिहावे, आणि पहिल्या यादीतील कोणती वस्तू दुसऱ्या यादीतही येईल, हे वर्गाने ठरवावे.